मदत हवी आहे: ग्लस्टरवर बारक्या फायली लिहिताना जीव जातोय

घाईत_आहे
नमस्कार मंडळी. ग्लस्टरएफएसचं (अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून बनवलेली फाईल सिस्टिम) व्हॉल्यूम माउंट केलंय. मोठी फाईल टाकली तर सेकंदाला ३५-३६ एमबी पडतात, ठीक आहे. पण ८ केबीच्या थंबनेलचं फोल्डर टाकलं की रांगायला लागतं. एक लाख फायलींना २० मिनिटं! सीपीयू निवांत, डिस्क निवांत. कोणती सेटिंग बदलायची तेवढंच सांगा, वरून सारखी विचारणा होतेय.

बिट_बहाद्दर
नोड (सर्व्हर) किती? रेप्लिका (प्रत्येक फाईलच्या प्रती) किती? नेटवर्क कुठलं? कॉपी कशाने करताय? व्हॉल्यूम इन्फोचं आउटपुट चिकटवा आधी.

घाईत_आहे
नेहमीचाच सेटअप आहे हो. सेटिंगचं नाव सांगा ना.

जुना_ॲडमिन
नाही सांगत तर नका सांगू, तुमच्या आकड्यावरून ओळखतो. १ गिगाबिट नेटवर्क आणि रेप्लिका ३. गिगाबिटवर प्रत्यक्षात ११० एमबीच्या आसपास मिळतात. ग्लस्टरमध्ये तिन्ही प्रती क्लायंटच पाठवतो. भागिले तीन, आले ३६. बरोबर?

घाईत_आहे
बरोबर. आरसिंकने (फायली कॉपी करणारी आज्ञा) टाकतोय. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) ०.५ मिलिसेकंद.

केबलसम्राट
१० गिगाबिटची कार्डं टाका, विषय संपला. आम्ही टाकली, व्हिडिओ गोळीसारखे जातात.

जुना_ॲडमिन
व्हिडिओचं कोणी विचारलंय? ८ केबीच्या तीन प्रती गिगाबिटच्या तारेवरून जायला ०.२ मिलिसेकंद लागतात. यांना एका फाईलला १२ लागताहेत. तार रिकामीच पडून आहे, उरलेला सगळा वेळ उत्तराची वाट बघण्यात जातोय.

दर फाईलला आधी लुकअप (त्या नावाची फाईल आहे का ते शोधणे), मग क्रिएट, मग राइट, मग मालक, परवानग्या, तारीख. रेप्लिका असल्यामुळे बदलाला आधी कुलूप, मग 'बदल करतोय' अशी खूण, मग खरा बदल, खूण पुसणे, कुलूप काढणे. यातलं काही ग्लस्टर एकत्र उरकतो, सगळं नाही. त्यात आरसिंक फाईल तात्पुरत्या नावाने बनवतो आणि शेवटी नाव बदलतो, म्हणजे आणखी एक वरात. सर्व्हरकडे जाऊन येण्याच्या ०.५ च्या २०-२५ फेऱ्या झाल्या की झाले तुमचे १२. व्हॉल्यूम प्रोफाइल (कुठल्या कामात किती वेळ जातो ते दाखवतं) चालू करून बघा, राइटचा वाटा किरकोळ निघेल.

सेफप्रेमी
ग्लस्टरच सोडा. रेड हॅटच्या ग्लस्टर स्टोरेजचा सपोर्टही २०२४ अखेर संपला. सेफएफएसवर (अशीच दुसरी फाईल सिस्टिम) या.

बिट_बहाद्दर
आणि तिथे मेटाडेटा सर्व्हर (फायलींची नावं, परवानग्या सांभाळणारा) फुकट उत्तर देतो का? आधी कुठे अडतंय ते कळू दे, मग घर बदला.

साधा_माणूस
एवढा खटाटोप कशाला? एनएफएस (एका सर्व्हरवरचं फोल्डर नेटवर्कवर वाटायची पद्धत) ठेवा, एक्सपोर्टला असिंक लावा. आमच्याकडे विमान झालंय.

जुना_ॲडमिन
वीज गेली की कळेल. असिंक म्हणजे डिस्कवर काही पोचलेलं नसताना सर्व्हर 'लिहिलं' म्हणून सांगतो.

साधा_माणूस
यूपीएस आहे. आणि एनएफएस आवृत्ती ३ मध्ये १९९५ पासून कमिटची ('आता सगळं डिस्कवर पक्कं कर' ही आज्ञा) सोय आहेच की, राइट लगेच डिस्कवर जावं लागत नाही.

जुना_ॲडमिन
कर्नल कोसळला तर यूपीएस काय करणार? आणि कमिटचा फायदा मोठ्या फाईलला, खूप राइटमागे एक कमिट. बारकी फाईल लिहिली की लगेच बंद होते आणि बंद करतानाच क्लायंट सगळं सर्व्हरकडे ढकलतो. म्हणजे दर फाईलला कमिट.

नवखा७
विंडोजवर मलाही असंच होत होतं. अँटिव्हायरसमध्ये फोल्डर वगळलं, झालं.

बिट_बहाद्दर
@नवखा७ इथे विंडोज कुठून आलं?
@घाईत_आहे, एका वेळी एकच फाईल चाललीये ना? फेऱ्यांचा वेळ कमी होत नसेल तर एकदम अनेक फेऱ्या सोडा. फोल्डरचे भाग पाडून आठ आरसिंक समांतर चालवा, इनप्लेस पर्याय लावून, म्हणजे नाव बदलणं वाचेल. व्हॉल्यूमवर लुकअप-ऑप्टिमाइझ (नसलेली फाईल शोधण्याच्या फेऱ्या वाचवणारी सेटिंग) चालू आहे का तेही बघा.

कोठावळा
अवांतर: लाखो थंबनेल सुट्या फायलींत ठेवायचेच कशाला? फेसबुकने हेस्टॅकमध्ये (२०१० चा पेपर) असंख्य फोटो एका मोठ्या फाईलमध्ये कोंबले आणि कुठला फोटो कुठे आहे याची यादी मेमरीत ठेवली.

घाईत_आहे
प्रोग्राम आमचा नाही, बदलता येत नाही. आठ आरसिंक आणि इनप्लेसने ४ मिनिटांवर आलं, धन्यवाद. पण आता ते फोल्डर उघडायला एलएस (फायलींची यादी दाखवणारी आज्ञा) लटकतंय. त्याला कोणती सेटिंग?

बिट_बहाद्दर
नुसतं एलएस की एलएस -एल (तपशिलासकट यादी)? बऱ्याच मशीनवर एलएसला रंगांचं टोपणनाव दिलेलं असतं, त्यासाठीही प्रत्येक फाईलची चौकशी होऊ शकते. उलटा स्लॅश लावून नुसतं एलएस चालवा आणि किती वेळ लागला ते टाका.