मदत हवी आहे: एचएसएस गिटारच्या ब्रिजला कोणता हमबकर?

स्ट्रॅट पद्धतीची इलेक्ट्रिक गिटार आहे. पिकअप (तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकी कॉइल) तीन: ब्रिजला दोन कॉइलचा हमबकर, मिडल आणि नेकला सिंगल कॉइल, म्हणजेच एचएसएस. नेक-मिडलचे सिंगल कॉइल सुरेख वाजतात, मल्टिमीटरवर 6के ओहमच्या आसपास. ते ठेवायचेच आहेत. बोंब आहे ती ब्रिजच्या सिरॅमिक चुंबकाच्या हमबकरची: 14के. अ‍ॅम्पचा गेन वाढवला की जाड ई आणि ए तारांचा नुसता चिखल होतो, आणि स्विच तिकडे नेला की आवाज एकदम उसळतो.

शेवटचा फ्रेट दाबून तारांपासून अंतर जाड बाजूला 3 मिमी, बारीक बाजूला 2.5 मिमी केलं. आवाज जुळला, पण धार गेली. व्हॉल्यूम पॉट (नॉबमागचा बदलता रेझिस्टर) 250केचा काढून 500केचा बसवला. हमबकर जरा उघडला, सिंगल कॉइल मात्र कानाला टोचायला लागले. पोकळीत तांब्याची टेप आहे, अर्थिंग तपासलंय. गुणगुण हा प्रश्नच नाही.

ब्रिजच्या पिकअपवर ई ते ई 52 मिमी भरतं, त्यामुळे 49 मिमीवाला नको. वायर चार कंडक्टरचीच हवी: स्प्लिट करायचंय (दोनपैकी एकच कॉइल वाजवायची), शिवाय मिडलशी फेज उलटी निघून दोन्हींचे आवाज एकमेकांना खोडायला लागले तर टोकं बदलता येतील. सुटे भाग इंदूरला जेल रोडवर बघेन. पिकअप ऑनलाइनच मागवावा लागेल, परतीची कटकट नको म्हणून आधी विचारतेय.

8केच्या आसपासचा अल्निको 5 चुंबकाचा घ्यावा की अल्निको 2चा? आणि 500केचा पॉट तसाच ठेवून सिंगल कॉइलपुरता 470केचा रेझिस्टर ग्राउंडला द्यायचा, तर साध्या पाच-वे स्विचच्या कुठल्या लगवर (सोल्डरच्या टोकावर) जोडू, म्हणजे एकट्या ब्रिजवर त्याचा भार येणार नाही?