सेंट्रल लाइनचे संसर्ग महिन्याला ५ वरून सरासरी १ वर आले. ही ‘८० टक्के घट’ आमच्या उपक्रमामुळेच झाली, असं प्रबंधात लिहू का?

आयसीयू_सिस्टर यांचा प्रश्न

नमस्कार. मी १२ खाटांच्या मेडिकल आयसीयूत संसर्ग-नियंत्रणाचं काम बघते आणि त्यावरच नर्सिंगच्या पदव्युत्तर पदवीचा प्रबंध करते आहे.

सेंट्रल लाइनमुळे (मोठ्या शिरेत टाकलेल्या नळीमुळे) रक्तात संसर्ग झालेले आमचे रुग्ण जानेवारी ते जून असे होते : १, २, १, ३, २, ५. जूनच्या ५ ने सगळेच हादरले. १ जुलैपासून आम्ही लाइन टाकताना चेकलिस्ट सुरू केली. हात धुणं, टोपी-मास्क-गाऊन आणि रुग्णाला पूर्ण झाकणारी निर्जंतुक चादर, त्वचेला क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक, शक्यतो मांडीतून लाइन नाही. शिवाय रोज सकाळच्या राउंडला प्रत्येक खाटेपाशी एकच प्रश्न विचारायचा : “ही लाइन आज हवी आहे का?”

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचे आकडे : २, १, ०. लाइन-डेज (रोज किती रुग्णांना लाइन होती, त्याची बेरीज) त्या तीन महिन्यांचे आहेत (१४२, १२८, ११०), आधीचे कुणी मोजलेच नव्हते.

वरिष्ठांना ‘५ वरून सरासरी १, म्हणजे ८० टक्के घट’ असं पोस्टर हवं आहे. मार्गदर्शक म्हणतात, हेच प्रबंधाचं मुख्य निष्कर्ष-वाक्य करा. लोकांनी खरंच मनापासून काम केलंय, त्यामुळे मलाही ते वाक्य हवंसं वाटतं. पण परीक्षकासमोर ते टिकेल का?

कल्चर_प्लेट यांचं उत्तर

सिस्टर, टिकणार नाही, आणि ते का हे आधीच समजून घेतलेलं बरं. मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. रुग्णालयातल्या संसर्गाचे आकडे बघण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उपक्रम जूनमुळे सुरू झाला. म्हणजे जो महिना सगळ्यात वाईट होता, त्याच महिन्याने तुम्हाला कामाला लावलं. तो ५ बाजूला ठेवा. आधीच्या पाच महिन्यांत ९ रुग्ण, सरासरी १.८. काहीही न बदलता पुढचे तीन महिने गेले असते तर साधारण ५ ते ६ रुग्ण अपेक्षित होते. तुम्हाला मिळाले ३. इतके लहान आकडे नुसत्या योगायोगाने वर-खाली होतात. पॉयसाँचं गणित (क्वचित घडणाऱ्या घटना योगायोगाने किती वर-खाली होतात, त्याचं) मांडलं तर, काहीच सुधारणा झाली नसतानाही ३ किंवा त्याहून कमी रुग्ण दिसण्याची शक्यता पाचात एक इतकी आहे. सप्टेंबरच्या ० चं तसंच. सरासरी १.८ असलेल्या आयसीयूत दर सहा महिन्यांत एखादा महिना आपोआप शून्याचा निघतो. बेफाम वाढलेला आकडा पुढच्या महिन्यात बहुधा सरासरीकडे येतो, मग आपण काही करो वा न करो.

याचा अर्थ तुमचा उपक्रम व्यर्थ आहे असा अजिबात नाही. तुम्ही जी पाच कामं करताय, ती अमेरिकेतल्या मिशिगनच्या अभ्यासातलीच आहेत. पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. १०३ आयसीयूंचे आकडे होते, लाइन-डेज पावणेचार लाखांच्या वर. दर १००० लाइन-डेजमागे सरासरी ७.७ संसर्ग होते, ते दीड वर्षात १.४ वर आले. काम बरोबर दिशेने आहे. पण ते ‘आमच्याकडेही झालं’ हे सिद्ध करायला तीन महिने आणि एक आयसीयू पुरत नाही.

मिशिगननंतर इंग्लंडमध्ये जे झालं ते तर प्रबंधात आवर्जून घाला. तोच कार्यक्रम तिथल्या आयसीयूंमध्ये गटागटाने, टप्प्याटप्प्याने सुरू केला. मोठ्यांच्या आयसीयूंमधला दर ३.७ वरून १.४८ वर आला. पण जे गट उशिरा सामील झाले, त्यांचे दर सामील होण्यापूर्वीच खाली आलेले होते! टप्पे पाडले नसते तर सगळं श्रेय कार्यक्रमाला गेलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण त्यांनी स्वतःच्या यशाचीच तपासणी केली.

तुलनेला काहीतरी लागतं, एवढाच मुद्दा. १८४७ साली व्हिएन्नातल्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरने क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये ३१२ बाळंतपणांत ५७ माता दगावल्या होत्या, जूनमध्ये २६८ बाळंतपणांत ६. त्याच्याजवळ महिन्याला शेकडो बाळंतपणं होती, वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या आणि शेजारीच सुईणींचं दुसरं क्लिनिक होतं. आपल्या १२ खाटांजवळ यातलं काहीच नाही, म्हणून आपल्याला जास्त काटेकोर राहावं लागतं.

आता लॅबच्या बाजूने दोन गोष्टी तपासा. जुलैनंतर ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का, ही तपासणी) कमी पाठवली गेली का? ताप आल्यावर कल्चर न घेता थेट प्रतिजैविक सुरू केलं, तर संसर्ग असूनही नोंदीत येत नाही आणि दर सुंदर दिसतो. लॅबकडून नऊही महिन्यांची पाठवलेल्या कल्चरची संख्या मागा. दुसरं, जूनचे ५ कोणत्या जंतूंचे होते? कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकससारखा त्वचेवरचा जंतू एकाच बाटलीत वाढला असेल तर तो बहुधा सुई टोचताना शिरलेला असतो. वेगवेगळ्या वेळी काढलेल्या दोन नमुन्यांत तो यावा आणि रुग्णाला लक्षणं असावीत, तरच धरायचा. हीच कसोटी सप्टेंबरला आणि जूनला सारखीच लावलेली आहे ना, ते बघा.

रातपाळी यांचं उत्तर

माझा अनुभव वॉर्डातला आहे, आकड्यांमधलं फारसं कळत नाही. पण चेकलिस्ट कोण भरतं, हे प्रबंधात जरूर लिहा. आमच्याकडे दिवसा लाइन टाकताना सिस्टर शेजारी यादी घेऊन उभी असते आणि पायरी चुकली तर थांबवते. रात्री अडीचला रुग्ण कोसळतो, तेव्हा लाइन आधी जाते आणि यादी सकाळी भरली जाते, सगळ्या चौकटींत बरोबरची खूण. अशा घाईत टाकलेल्या लाइन वेगळ्या नोंदवा. निर्जंतुक पद्धत पाळल्याची खात्री नसेल तर त्या ४८ तासांच्या आत बदलाव्यात, असा नियम आहे. तो पाळला गेला का हे मोजलंत तर तुमच्या प्रबंधात खरं काहीतरी येईल.

हात धुण्याचंही तसंच. निरीक्षक समोर उभा असला की सगळे हात चोळतात. रात्रीचं निरीक्षण कुणी करतच नाही. हॅन्ड रबच्या किती बाटल्या संपल्या, ते स्टोअरच्या वहीतून काढा. ती वही कुणाला बघून बदलत नाही.

आणि ज्युनिअर सिस्टरने मोठ्या डॉक्टरांना थांबवलं तर तिच्या पाठीशी कोण उभं राहतं, हेही लिहा. यादी तिथेच चालते किंवा तिथेच मरते.

आयसीयू_सिस्टर

दोघांचेही मनापासून आभार. वाचून आधी खट्टू झाले, पण पोस्टरवर ८० टक्के छापून पुढच्या महिन्यात ३ रुग्ण आले असते तर ज्यांनी मेहनत केली त्यांचाच विश्वास उडाला असता.

मग प्रबंधात दाखवू काय? नुसतं ‘अजून सांगता येत नाही’ असं लिहून कसं चालेल?

कल्चर_प्लेट

तुमच्या आकड्यांत एक चांगली गोष्ट लपली आहे, ती कुणी पाहिलीच नाही. लाइन-डेज १४२ वरून ११० वर आले. रुग्णसंख्या तेवढीच असेल, तर तुमचा सकाळचा प्रश्न काम करतोय, कारण ज्या रुग्णाला लाइनच नाही त्याला लाइनचा संसर्ग होत नाही. गंमत अशी की हा फायदा दर १००० लाइन-डेजच्या दरात दिसतच नाही. संसर्ग आणि लाइन-डेज दोन्ही सारख्या प्रमाणात घटले तर दर आहे तिथेच राहतो. कधी तर वाढतो, कारण उरलेल्या लाइन जास्त आजारी रुग्णांना असतात. म्हणून दोन्ही द्या : संसर्गाचा दर, आणि एकूण रुग्ण-दिवसांपैकी किती दिवस लाइन होती ते प्रमाण. मला विचाराल तर प्रबंधाचा गाभा हे दुसरं प्रमाण करा. संसर्ग महिन्याला एक-दोन, पण लाइन-डेज शंभरावर, त्यामुळे तिथे खरा बदल लवकर उठून दिसतो.

संसर्गाचे आकडे महिनावार आलेखावर मांडा, जून न गाळता. उपक्रम कधी सुरू झाला तिथे उभी रेघ मारा आणि मोजणं निदान वर्षभर चालू ठेवा. वाक्य असं लिहा : ‘संसर्गात घट दिसते, पण ती योगायोगाने आलेली असण्याची शक्यता या कालावधीत नाकारता येत नाही.’ चांगला परीक्षक याला गुण देतो.

आयसीयू_सिस्टर

जानेवारी ते जूनचे लाइन-डेज आता काढता येतील? २४ तासांचे नर्सिंग चार्ट रेकॉर्ड रूममध्ये आहेत. एका रुग्णाला दोन लाइन असतील तर दोन धरायचे का?

कल्चर_प्लेट

चार्टवरून नक्की निघतील. रोजची एकच ठरावीक वेळ धरा आणि त्या वेळी किती रुग्णांना लाइन होती ते मोजा. दोन लाइन असल्या तरी त्या दिवसाचा एकच लाइन-डे. जुलैनंतरची मोजणी याच पद्धतीने झाली आहे का, ते आधी बघा. नसेल तर तीही चार्टवरूनच पुन्हा करा.