भाऊ मिशनवर गेलाय, दिवसभर करतो काय?

प्रश्न: धाकटा भाऊ लॅटर-डे सेंट्स चर्चच्या (मॉर्मन, एक ख्रिस्ती पंथ) धर्मप्रसाराच्या मिशनवर परदेशात आहे, 24 महिन्यांसाठी. फोन आठवड्यातून एकदा. ठेवला की आई रडते. तो तिथं करतो तरी काय?

उत्तर 1: मी करून आलोय. पहाटे उठून वाचन, भाषेचा अभ्यास, मग दिवसभर प्रचारासाठी दारोदार पायपीट. सोबती ठरवून दिलेला, एकटं कुठंच जायचं नाही. माझा पहिला सोबती असा घोरायचा की विचारू नका! तोंडावर दारं आपटली जातात, त्याची मात्र सवय होते. कपडे धुणं, घरी फोन, सगळं आठवड्याच्या त्या एका मोकळ्या दिवशी.

उत्तर 2: फेब्रुवारी 2019 च्या आधी फोन वर्षातून दोनदाच असायचा, नाताळला आणि मदर्स डेला.

प्रश्नकर्ती: बापरे! आईला सांगते. दारांचं सोडून.