एफवाय बीएस्सीनंतर कॉलेज बदलता येतं का?

कर्जत_लोकल: मी कर्जतजवळच्या एका छोट्या कॉलेजात एफवाय बीएस्सीला आहे, मॅथ्स घ्यायचंय पण इथे शिकवायला कायम सर नाहीत, तासच होत नाहीत. एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, मुंबईत रुईया किंवा झेवियर्सला जाता येईल का? ८.९ सीजीपीए आहे, केटी, म्हणजे राहिलेला विषय, एकही नाही. घरी बाबा म्हणतात आहे तिथेच पूर्ण कर.

माटुंग्याची_ताई: येतं रे, पण जागा रिकामी झाली तरच. दोन्ही कॉलेजं ऑटोनॉमस आहेत, झेवियर्स तर २०१० पासून, म्हणजे सिलॅबस आणि परीक्षा त्यांच्या स्वतःच्या, त्यामुळे तुझे एफवायचे विषय आणि क्रेडिट त्यांच्याशी जुळतात का हे आधी बघतात. डिजीलॉकरवर एबीसी आयडी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे क्रेडिटच्या खात्याचा नंबर) काढून ठेव, क्रेडिट त्या खात्यातच जमा होतात. आणि प्लीज, समोरून लेखी होकार येईपर्यंत टीसी काढू नकोस, माझ्या मैत्रिणीने घाईत काढली आणि ती दोन्हीकडून लटकली, फार रडली होती.

सेंट्रल_लाईन: कर्जत ते सीएसएमटी स्लो लोकलने दोन तासांहून जास्तच लागतात, रोज झेपेल का ते बघ. होस्टेलचा खर्च बाबांसमोर आकड्यांत मांड, त्यांना काळजी पैशाचीच असणार.

माटुंग्याची_ताई: आणि नाहीच मिळालं तर बीएस्सीनंतर जॅम दे, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा, फेब्रुवारीत असते, आयआयटी मुंबईला एमएस्सीला जाता येतं आणि तिथे तुझं कॉलेज कुठलं हे कोणी विचारत नाही.

कर्जत_लोकल: ताई, जॅमचं माहीतच नव्हतं! उद्याच दोन्ही ऑफिसला जाऊन विचारतो.