फ्रिजमधल्या बल्बच्या जागी एलईडी बसवावा का?

प्रश्न (प्रकाशवाट): आमच्या फ्रिजमधला १५ वॅटचा साधा बल्ब वर्षभरात दुसऱ्यांदा गेला. काढून पाहिला तेव्हा काच आतून काळवंडलेली होती आणि हलवल्यावर तुटलेली तार किणकिणत होती. त्याच आट्यांचा दीड वॅटचा एलईडी मिळतो आहे. फ्रिजमधल्या थंडीत आणि ओलाव्यात तो टिकेल का, आणि त्याने वीज कितपत वाचेल?

मिलिअँपिअर: थंडीची काळजी नसावी, कारण एलईडीला त्रास होतो तो उष्णतेचा. ओलाव्याकडे मात्र लक्ष द्या. साधा बल्ब पेटला की स्वतःच्या उष्णतेने वाळतो. एलईडी जवळजवळ गारच राहत असल्याने त्याच्यावर दव साचू शकते. म्हणून मक्याच्या कणसासारखा दिसणारा, आवरण नसलेला एलईडी फ्रिजमध्ये मुळीच बसवू नये. त्याच्या उघड्या धातूच्या जोडांना ओल्या हाताचा स्पर्श झाला तर शॉक बसू शकतो. विजेचे म्हणाल, तर दार दिवसाकाठी एकूण २० मिनिटे उघडे राहते असे धरल्यास १५ वॅटचा बल्ब वर्षाला जेमतेम १.८ युनिट खातो. वाचून वाचणार ती दीड युनिटाच्या आसपास.

आटेवाला: बल्ब बदलताना प्लग काढूनच हात घाला. जुन्या बल्बवरचा व्होल्टेज, आट्यांची जाडी (बहुधा १४ मिलिमीटर) आणि एकूण लांबी जुळवून घ्या, नाहीतर वरचे झाकण बसत नाही. होल्डर आडवा असेल, तर फक्त टोकाकडून उजेड फेकणारा एलईडी समोरची भिंत उजळतो आणि खालचे कप्पे अंधारात ठेवतो. काही फ्रिजमध्ये हिवाळ्यासाठी वेगळे बटण असते. ते चालू केल्यावर दार बंद असतानाही बल्ब मंद जळतो आणि त्या उबेमुळे थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर चालू करतो. खोली फार गार असताना फ्रीझर नीट चालावा म्हणून ही सोय असते. तुमच्या फ्रिजला तसे बटण असेल, तर साधाच बल्ब ठेवा.

सावकाश: मला खटकते ते वेगळेच. साध्या बल्बचे आयुष्य सुमारे १००० तास धरले, तर रोज २० मिनिटांच्या वापराने तो आठ वर्षांहून अधिक टिकायला हवा. तुमचे एका वर्षात दोन गेले आणि काचही काळी पडली, म्हणजे तार दीर्घकाळ तापत राहिली असावी. दाराचे बटण अडकत असेल, तर बल्ब बंद दाराआडही जळतो, दिवसाला ०.३६ युनिट तर जातेच, शिवाय त्याची उष्णता बाहेर काढायला कॉम्प्रेसरही जास्त चालतो. एलईडी बसवल्यास तो गुपचूप जळत राहील आणि दोष कळणारच नाही. आधी मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून तो आत ठेवा आणि दार लावा.

प्रकाशवाट: आपला अंदाज बरोबर ठरला. नवा साधा बल्ब लावून चित्रीकरण केले. पहिल्या दोन वेळा दार लागताच काळोख झाला, पण तिसऱ्या वेळी बल्ब जळतच राहिला. दाराच्या रबराजवळचे बटण चिकट झाल्याने अर्ध्यावर अडकत होते. प्लग काढून ते पुसले, तरी अडकतेच. तेव्हा बटण बदलून घेतो आणि त्यानंतरच आवरण असलेला एलईडी बसवतो.