बफर रिसायकलिंग: प्रत्येक ड्रायव्हरचं वेगळं कशाला?

रिंगवाला: लिनक्समध्ये २०१८ पासून पेज पूल आहे, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरांना पॅकेटसाठी मेमरीची पेजं देणारा आणि वापरून झाली की परत घेणारा सामाईक साठा. तरी काही ड्रायव्हरांत अजून तोच अर्ध्या पेजचा खेळ चालू आहे: ४०९६ बाइटचं पेज, अर्धं कार्डाकडे, अर्धं वर नेटवर्क स्टॅककडे (कर्नलचा पॅकेट हाताळणारा भाग), आणि ऑफसेट (पेजमधली सुरुवातीची जागा) २०४८ शी एक्सऑर करून (० चा २०४८, २०४८ चा ०) अदलाबदल. दिसायला एक ओळ. पण दुसरं अर्धं मोकळं आहे की नाही, हे रेफकाउंटातून (पेज किती जण धरून आहेत तो आकडा) ड्रायव्हरचा बायस (त्याने आधीच घेऊन ठेवलेला, अजून न खर्चलेला वाटा) वजा केल्यावरच कळतं. वजाबाकी एका फंक्शनात, बायस भरणं दुसऱ्यात, एरर पाथ तिसरीकडे. नवीन माणसाने हात लावायचा तरी कसा?

नॅनोसेकंद: बायस हौसेने आणलेला नाही. १० गिगाबिटला ६४ बाइटच्या फ्रेम आल्या तर पॅकेटमागे ६७ नॅनोसेकंद मिळतात. दर पॅकेटला अ‍ॅटॉमिक वाढ (सगळ्या सीपीयूंत सुरक्षित, पण वेळखाऊ) परवडत नाही, म्हणून रेफकाउंट एकदाच घसघशीत वाढवायचा आणि साध्या व्हेरिएबलमधून खर्चायचा. सुबक कोड हवा म्हणून पॅकेट पाडायची का?

रिंगवाला: पूलचा फास्ट पाथही नॅपीमध्ये (कर्नलची पॅकेट गठ्ठ्याने उचलायची पद्धत) लॉकशिवायच चालतो की! शिवाय डीएमए मॅपिंग (कार्डाला पेजवर थेट लिहिता यावं म्हणून केलेली जोडणी) टिकतं. आयओएमएमयू (कार्ड वापरतं ते मेमरी पत्ते तपासून बदलणारं हार्डवेअर) चालू असेल तर खरी बचत तिथे आहे.

नॅनोसेकंद: पेज दुसऱ्या सीपीयूवर सुटलं की ते पूलच्या रिंगमधून (गोल रांगेतून) परत येतं, तिथे लॉक आहेच. तेही सांगा ना.

तळटीप: दोघेही एक्सडीपी ड्रॉपचे (पॅकेट ड्रायव्हरमध्येच फेकून द्यायच्या चाचणीचे) आकडे डोक्यात ठेवून भांडताय. तिथे पेज लगेच मोकळं होतं, सगळंच छान दिसतं. टीसीपीत अ‍ॅपने सॉकेट वाचायला उशीर केला की दुसरं अर्धं अडकतं, मग ड्रायव्हर पेज सोडून नवीन मागतो. ही सगळी कसरत ज्यासाठी केली, ते रिसायकलिंगच तिथे होत नाही. पूलमध्ये ५.१४ पासून एसकेबीवर (कर्नलमधली पॅकेटची नोंद) खूण करता येते, पेज उशिरा सुटलं तरी पूलकडेच येतं.
आणि ६४ केबी पेजच्या मशीनवर तो एक्सऑर नसतोच, ऑफसेट पुढे सरकतो. एक्स८६ वर ती फांदी (कोडचा तो पर्यायी भाग) कंपाइलही होत नाही. ती कोण तपासतं?

नॅनोसेकंद: फांदीचं मान्य. दोन हेल्पर फंक्शनांमध्ये कोंडा, वर नियम लिहा. त्यासाठी चालता कोड काढून टाकायची गरज नाही.

रिंगवाला: मग आकडे टाका. एक कोअर, टीसीपी, आयओएमएमयू चालू.

नॅनोसेकंद: टाकतो. पण आयओएमएमयू बंद ठेवूनही घेणार, आमच्याकडे तसंच चालतं.