फोटोवरून काढलेली खाडीची आणि येऊरची चित्रं प्रदर्शनात घ्यावीत का?

खाडीकाठ
ठाणे-नवी मुंबईत निसर्ग आणि वन्यजीव चित्रांची जी छोटी प्रदर्शनं भरतात, त्यांच्या प्रवेशिकेत एक अट हवी असं माझं मत आहे. चित्रासोबत जागेवर केलेलं निदान एक रेखाटन द्यायचं. ते नसेल तर चित्र परत.

कारण सांगतो. भिंतीवर एकाच साच्यातली चित्रं दिसतात: पुढे कमानीसारखी मुळं असलेली झाडं, मध्ये गुलाबी फ्लेमिंगो, मागे हिरवागार पारसिकचा डोंगर. आता फ्लेमिंगो खाडीत येतात साधारण नोव्हेंबर ते मे. मार्च-एप्रिलमध्ये थवे भरात असतात तेव्हा पारसिक करपून तपकिरी झालेला असतो. तो हिरवा होतो पावसात, तोवर बहुतेक पक्षी गेलेले. शिवाय ठाणे खाडीच्या काठावर राज्य तिवरांचं, म्हणजे खारफुटीच्या एका जातीचं. त्यांची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी सरळ वर येतात. कमानीची मुळं कांदळाची, म्हणजे खारफुटीच्याच दुसऱ्या जातीची, आणि ती बहुतेक वेळा केरळच्या नाहीतर सुंदरबनच्या फोटोतून आलेली असतात. तीन फोटो तीन ठिकाणचे, तीन ऋतूंतले, आणि खाली पाटी 'ऐरोलीची सकाळ'. जागेवर एकदा तासभर बसलेला माणूस हे करणार नाही.

रात्रपाळी
असहमत. अट चुकीच्या जागी घालताय.

येऊरचा, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या जंगलातला, बिबट्या कोण जागेवर बसून काढणार? तो बाहेर पडतो अंधार पडल्यावर, आणि राष्ट्रीय उद्यानात त्या वेळी तुम्हाला कोणी आत सोडत नाही. सोडू नयेच. म्हणजे तुमच्या नियमाने बिबट्या, उदमांजर, घुबड सगळे बाद. उरणार काय, बगळे आणि तलाव.

दुसरं, जुन्या लोकांच्या नावाने सोवळं पाळू नका. राजा रविवर्मा छायाचित्रांचा आधार घेत. अमेरिकेतला पक्षीचित्रकार ऑड्युबॉन पक्षी मारून, तारेने ताणून, पाटावर हवा तसा बसवून काढायचा. त्यापेक्षा फोटो कितीतरी बरा.

आणि तुम्ही म्हणता त्या चुका फोटोमुळे होत नाहीत, अभ्यास नसल्यामुळे होतात. येऊरचा बिबट्या म्हणून चक्क जॅग्वार काढलेला असतो. अंगावरच्या काळ्या कड्यांच्या आत ठिपका असेल तर तो जॅग्वार, दक्षिण अमेरिकेतला. बिबट्याच्या कड्या आतून मोकळ्या, आणि डोकं, मान, पाय यांवर भरीव ठिपके. हे कळायला जंगलात जावं लागत नाही. परीक्षक मंडळात एक जाणकार बसवा, काम झालं.

जाता जाता: थोडे फ्लेमिंगो पावसाळ्यातही मागे राहतात, आणि खाडीत थोडं कांदळही आहे. 'असूच शकत नाही' असं धरून चित्र परत केलंत तर वाद हराल.

जलरंग_रोजचे
खाडीकाठ यांच्याशी बराचसा सहमत, पण त्यांनी मुद्दा ऋतूवरच सोडला. फोटो जोडल्याने खरा घोळ होतो तो क्षितिजाचा, आणि तो जाणकार पक्षीनिरीक्षकालाही पटकन दिसत नाही. चित्र काहीतरी खोटं वाटतं एवढंच जाणवतं.

पक्ष्याचा फोटो असतो ४०० ते ६०० मिमीच्या लेन्सचा, पार्श्वभूमी मोबाइलच्या रुंद लेन्सची. लांब लेन्स मागचं सगळं पुढे ओढते, त्यामुळे पक्ष्यामागचा ऐरोलीचा पूल अंगावर आल्यासारखा दिसतो. मोबाइल उलट करतो, पारसिक एवढासा टेकाड होऊन बसतो. दोन्ही एका कागदावर आले की जागेचं गणित मोडतं.

तपासायची सोपी युक्ती आहे. चिखल सपाट, म्हणून सारख्या उंचीचे पक्षी जवळ असोत की लांब, क्षितिजरेषा सगळ्यांना शरीराच्या एकाच ठिकाणी छेदते. बघणारा बंधाऱ्यावर उभा असेल तर सगळ्यांची डोकी क्षितिजाखाली. बोटीत खाली बसला असेल तर रेषा सगळ्यांच्या मानेतून किंवा छातीतून जाईल. चित्रात पुढच्याला रेषा पोटाशी आणि मागच्याचे पायही रेषेच्या वर असतील, तर मागचा पक्षी हवेत तरंगतोय.

पण यात एक मेख आहे. खाडीत फ्लेमिंगोच्या, म्हणजे रोहितच्या, दोन जाती एकत्र असतात. मोठा रोहित साधारण ११० ते १५० सेंमी उंच, फिका, चोच गुलाबी आणि टोक काळं. लहान रोहित ८०-९० सेंमी, जास्त गडद, चोच काळपट लाल. दोघांना एकच उंची दिली की वरची तपासणीही फसते.

प्रतिबिंबाचंही तेच. पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे वरचं चित्र उलटं चिकटवणं नव्हे. पाण्यात आपल्याला पक्षी खालून दिसतो, म्हणजे पाठ कमी आणि पोट जास्त. संगणकावर फोटो उलटा करून गिरवलेलं प्रतिबिंब दोन हात अंतरावरूनही ओळखू येतं.

आणि पाय! मागे वाकणारा तो सांधा गुडघा नाही, घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. पक्षी चालताना पाहिला की हे हाताला आपोआप कळतं, एका स्थिर फोटोवरून कळत नाही.

ओहोटी
नियम करणाऱ्यांनी आधी भरतीचं वेळापत्रक उघडावं.

भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. आठवड्यात जवळजवळ ६ तास. म्हणजे या रविवारी सकाळी ८ ला ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला भरती. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलात लांब पसरलेले, काठावरून नुसते गुलाबी ठिपके. काढण्याजोगे जवळ येतात ते पाणी चढताना, चिखल बुडत जातो तसे. आणि भरती पूर्ण झाली की उडून नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या पाणथळींवर जाऊन बसतात. म्हणजे हाताशी थोडाच वेळ. ज्याला फक्त रविवार मोकळा, त्याला महिन्यात फार तर दोन सकाळी जमणार, त्यात ऊन आणि गर्दी. नोकरी करणाऱ्या चित्रकाराला तुम्ही दारातच अडवताय.

खाडीकाठ
@ओहोटी, मी पूर्ण चित्र जागेवर रंगवा असं कुठे म्हटलं? रेखाटन म्हटलं. ए५ वही, २बी पेन्सिल, १५ मिनिटं. पक्षी नसेल तर नुसता काठ काढा: तिवराची उंची, चिखलाची चमक कुठे संपते, डोंगराची कडा. पक्षी घरी फोटोवरून घाला, माझी हरकत नाही. आणि भरतीच्या वेळी सीवूड्सला जा की. तिथे ते झोपलेले सापडतात, एका पायावर, मान पाठीत खुपसून. नवशिक्याला त्याहून सोपं मॉडेल मिळणार नाही.

@रात्रपाळी, बिबट्याला सूट द्यायला तयार आहे. पण मग तो ज्या जंगलात उभा आहे ते तरी येऊरचं हवं. कारवी, ते जांभळ्या फुलांचं झुडूप, फुलते दर आठ वर्षांनी, पावसाच्या शेवटाला. २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. बिबट्याभोवती जांभळी कारवी आणि मागे निष्पर्ण फुललेला पळस, हे चालणार नाही. पळस फुलतो फेब्रुवारी-मार्चला.

चौकटवाला
फोटो की प्रत्यक्ष हा वाद चालू द्या, पण निम्मी जलरंगचित्रं दोन पावसाळ्यांत बुरशीने जातात त्याचं काय? कागद काचेला टेकलेला असतो, तिथूनच सुरुवात होते. माउंटमुळे, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीमुळे, निदान २-३ मिमी अंतर राहिलं पाहिजे. चित्र चारही बाजूंनी चिकटवायचं नाही, वरच्या कडेला दोन ठिकाणी टांगायचं. दमट हवेत कागद फुगतो, चारी बाजूंनी बांधला की त्याला पोट येतं. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, भिंतीला हवा राहील. बाहेरच्या, पाझरणाऱ्या भिंतीवर तर टांगूच नका.

खाडीकाठ
विषय सोडून, पण बुचाचं उपयोगी आहे.

कोबाल्ट
विषय सोडून नाही, उलट फोटोशी थेट संबंध आहे. रंगाचं बोलतो.

फोनचा कॅमेरा गुलाबी भडक करून दाखवतो. तो भडकपणा गाठायला लोक ऑपेरा पिंक वापरतात. त्यात चमकणारा (फ्लुरोसंट) रंग असतो आणि तो उजेडात उडतो. उन्हाच्या खिडकीजवळ टांगलं तर थोड्याच काळात अख्खा थवा फिका पडतो. जुनं अलिझरिन क्रिमसन, म्हणजे नळीवर पीआर ८३ लिहिलेलं, तेही उजेडाला कच्चंच. त्याऐवजी क्विनाक्रिडोन रोझ घ्या, पीव्ही १९, आणि त्यात किंचित नारिंगी. नळीवरचं नाव बघू नका, रंगद्रव्याचा क्रमांक बघा. खात्री नसेल तर एक पट्टी रंगवा, अर्धी काळ्या कागदाने झाका, खिडकीला लावून दोन-तीन महिने विसरून जा.

प्रत्यक्ष पाहिलेला पक्षी एवढा गुलाबी नसतोच. सकाळी मोठा रोहित जवळजवळ पांढरा दिसतो. गुलाबी-लाल झळकतं ते पंख उघडल्यावर, आणि मागे काळी पिसं असल्यामुळे ते जास्त उठतं. तेव्हा आयोजकांना सांगायचं तर रेखाटन मागण्याआधी वापरलेल्या रंगांची यादी मागा. आणि दिवे कमी करा. जलरंगाला संग्रहालयात ५० लक्स एवढाच उजेड धरतात, आपल्याकडे लग्नाच्या हॉलसारखा झगमगाट.

रात्रपाळी
यादी, रेखाटन, ऋतूचा दाखला... पासपोर्ट काढतोय का आपण?

ज्याबद्दल खरंच कडक व्हायला हवं ते कोणी बोललंच नाही. फोटो कोणाचा? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने फोटो ही कलाकृती आहे आणि फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तिला संरक्षण असतं. दुसऱ्याच्या फोटोवरून चित्र काढून विकायचं तर परवानगी लागते. 'तीस टक्के बदललं की आपलं' हे जे सगळीकडे सांगतात, तसं कायद्यात काही नाही. स्वतःच्या फोटोवरून काढा, नाहीतर फोटोवाल्याची लेखी परवानगी जोडा. एवढी एक अट पुरे. त्यातच तुमचे सुंदरबनवाले आपोआप गळतील.

जलरंग_रोजचे
हे पटलं. मग चित्राखालच्या पाटीवर माध्यम आणि मापासोबत एक ओळ वाढवू: 'जागेवर', 'स्वतःच्या फोटोवरून' किंवा 'परवानगीने, अमुक यांच्या फोटोवरून'. शिवाय ठिकाण आणि महिना. अडवायचं कोणालाच नाही, बघणारा ठरवेल.

ओहोटी
आणि विक्रीचं? 'फोटोवरून' वाचलं की गिऱ्हाईक लगेच भाव पाडतं. तैलरंगात महिनाभर घालवलेलं चित्र पडून राहील आणि शेजारचं अर्ध्या तासाचं 'जागेवर' उचललं जाईल. तंत्राची किंमत शून्य. पाटीवर ठिकाण आणि महिना लिहा, बाकी प्रवेशिकेच्या कागदात राहू द्या.

खाडीकाठ
ते मला मान्य नाही. विकत घेणाऱ्याला कळायला हवंच, लपवायचं कशाला? महिना लिहिणं मात्र सक्तीचं करा. 'ऐरोली, ऑगस्ट' लिहून वर हजारभर फ्लेमिंगो उभे केलेत तर उत्तर द्यायला दालनात तुम्हालाच उभं राहायचंय.

रात्रपाळी
महिन्याला हरकत नाही. रेखाटनाला अजून आहे.